कॅनडात फ्रेंच शिकावे का, आणि शिकायचे ठरल्यास कसे: इंग्रजीवर भागणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कॅनडात येणाऱ्या किंवा येण्याच्या तयारीत असलेल्या मराठी माणसाची बहुधा एक समजूत असते, की आपले इंग्रजी चांगले आहे, तेव्हा भाषेचा प्रश्न आपल्यापुरता मिटला. बऱ्याच अंशी ती खरीही आहे. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, कॅलगरी किंवा सरे येथे राहणाऱ्या माणसाचा फ्रेंचशी संबंध दुधाच्या खोक्यावरील मजकुरापुरताच येतो. १९६९ च्या अधिकृत भाषा कायद्याने संघीय सरकारसाठी इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा समान मानल्या असल्या, तरी २०२१ च्या जनगणनेनुसार दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे लोक देशात १८ टक्केच होते. क्यूबेकमध्ये हे प्रमाण ४६.४ टक्के, तर क्यूबेकबाहेर अवघे ९.५ टक्के होते. म्हणजे येथे जन्मलेले बहुसंख्य इंग्रजीभाषकही फ्रेंचशिवाय सुखाने जगतात.

तरीही काही लोकांच्या बाबतीत फ्रेंच शिकण्यावाचून गत्यंतर नसते, आणि आणखी काहींसाठी तो स्थायिक होण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो. मी स्वतः इंग्रजीच्या जोरावर येथे आलो, नंतर नोकरी सांभाळून फ्रेंच शिकलो, परीक्षा दिली आणि पुढे मुलीलाही फ्रेंच इमर्शनमध्ये, म्हणजे बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गात घातले. त्या अनुभवातून झालेले माझे मत आधीच सांगतो. स्थलांतराच्या गुणांसाठी फ्रेंच शिकायचे असेल, तर ते विशिष्ट पातळीपर्यंत नेण्याची तयारी हवी. अर्धवट फ्रेंचला त्या हिशेबात जवळजवळ काहीच किंमत नाही. पुढील पायऱ्या याच क्रमाने विचारात घ्याव्यात. नियम वारंवार बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक अट संघीय स्थलांतर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावी.

१. आपली गरज कोणती, ते आधी ठरवा

फ्रेंच शिकू इच्छिणारे लोक साधारण चार प्रकारचे असतात: एक्सप्रेस एंट्रीत (कुशल कामगारांना गुणांवर कायम वास्तव्य देणाऱ्या संघीय पद्धतीत) गुण कमी पडणारे, क्यूबेकमध्ये राहणारे किंवा तेथे जाऊ पाहणारे, संघीय सरकारी नोकरीकडे डोळा असणारे, आणि मुलांच्या शिक्षणाचा विचार करणारे पालक. या चौघांच्या गरजा एकमेकांपासून इतक्या भिन्न आहेत की एकाने दुसऱ्याला दिलेला सल्ला बहुधा निरुपयोगी ठरतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ‘फ्रेंच शिकून काही उपयोग नाही’ असे छातीठोकपणे सांगितले, तर सांगणारा यांपैकी कोणत्या गटातला आहे, हे आधी विचारावे.

यांपैकी कोणत्याही गटात तुम्ही बसत नसाल, म्हणजे पीआर (कायम वास्तव्य) हाती आहे, टोरोंटो परिसरात खासगी नोकरी आहे आणि क्यूबेकला जाण्याचा विचार नाही, तर फ्रेंच शिकणे हा केवळ आवडीचा विषय आहे. नागरिकत्वासाठीही इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एकच भाषा पुरते. अशा वेळी ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून महागडा क्लास लावू नये.

संघीय नोकरीबाबत येथेच सांगून टाकतो. सुमारे ४० टक्के संघीय पदे द्विभाषिक ठरवलेली आहेत आणि ती प्रामुख्याने ओटावा-गॅटिनो, माँट्रियल आणि न्यू ब्रन्सविक या भागांत आहेत. वाचन, लेखन आणि बोलणे यांची पातळी ए, बी, सी या अक्षरांनी मोजली जाते आणि पदाच्या जाहिरातीत ‘सीबीसी’ (वाचनात सी, लेखनात बी, बोलण्यात सी) किंवा ‘बीबीबी’ असे लिहिलेले असते. द्विभाषिकतेचा भत्ता वर्षाला ८०० डॉलर आहे. त्या रकमेसाठी कोणी फ्रेंच शिकत नाही. खरा प्रश्न बढतीचा आहे, कारण द्विभाषिक विभागांत हाताखाली माणसे असलेल्या पदांवर फ्रेंचविना पोहोचणे अवघड होत चालले आहे.

२. क्यूबेकचा हिशेब वेगळा मांडा

क्यूबेक हा प्रांत आपले कुशल स्थलांतरित स्वतः निवडतो आणि तेथील एकमेव अधिकृत भाषा फ्रेंच आहे. मॅकगिल किंवा काँकॉर्डिया विद्यापीठात इंग्रजीतून शिकता येते, माँट्रियलच्या पश्चिम भागात इंग्रजीवर दिवस निघतो, आणि त्यामुळे विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की पुढेही असेच चालेल. प्रत्यक्षात प्रांताच्या कुशल कामगार निवडीत उच्च कौशल्याच्या गटासाठी प्रांताच्या फ्रेंच मोजपट्टीवर बोलण्या-ऐकण्यात सातवी आणि लिहिण्या-वाचण्यात पाचवी पातळी मागितली जाते.

१९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेनुसार बाहेरून आलेल्यांच्या मुलांना सरकारी शिक्षण फ्रेंच शाळेतच घ्यावे लागते; कॅनडात इंग्रजी शाळेत शिकलेल्या पालकांच्या मुलांना अपवाद आहे आणि तात्पुरत्या परवान्यावरील कुटुंबांना काही काळाची सवलत मिळते. २०२२ च्या सुधारणेनंतर, प्रांतात येऊन सहा महिने झाल्यावर सरकारी कार्यालये नवागतांशी फ्रेंचमध्येच व्यवहार करतात. आरोग्य आणि सार्वजनिक सुरक्षा यांसारखे काही अपवाद आहेत. अभियंते, परिचारिका वगैरेंना तेथील व्यावसायिक परिषदेचा कायम परवाना हवा असेल, तर फ्रेंचचे पुरेसे ज्ञान दाखवावे लागते. आपल्याकडील अभियंते ही अट सहसा नोकरी मिळाल्यावर वाचतात.

क्यूबेकमध्ये राहत असाल, तर ‘शिकावे का’ हा प्रश्नच उरत नाही. २०२३ पासून ‘फ्रांसिझासियों क्यूबेक’ ही एकच खिडकी प्रौढांचे फ्रेंच वर्ग हाताळते आणि ते मोफत आहेत. मात्र प्रतीक्षा लांबू शकते, म्हणून घर लागल्याबरोबर नोंदणी करावी.

३. गुणांचा हिशेब कागदावर मांडा

एक्सप्रेस एंट्रीत फ्रेंचची पातळी ‘एनसीएलसी’ या कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीने मोजली जाते. यात सातवी पातळी हा उंबरठा आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही कौशल्यांत सात किंवा अधिक आणि इंग्रजीत किमान पाचवी पातळी असेल, तर ५० अतिरिक्त गुण मिळतात. त्याशिवाय दुसरी अधिकृत भाषा म्हणून प्रत्येक कौशल्याला पाचव्या-सहाव्या पातळीवर १, सातव्या-आठव्या पातळीवर ३ आणि नवव्या पातळीपासून ६ गुण असतात.

आता उदाहरण पाहा. चारही कौशल्यांत सहावी पातळी गाठणाऱ्याला एकूण ४ गुण मिळतात. चारही कौशल्यांत सातवी गाठणाऱ्याला १२ आणि ५०, असे ६२ मिळतात. तीन कौशल्यांत सात आणि लेखनात मात्र सहा आली, तर हाती १० गुण उरतात, कारण ५० ची रक्कम चारही कौशल्यांच्या एकत्रित यशावर अवलंबून आहे. एका पातळीत एवढी दरी असल्यामुळे ‘जमेल तेवढे शिकू’ हे धोरण येथे चालत नाही.

दुसरा लाभ ड्रॉचा, म्हणजे ठरावीक गुणांच्या वरच्या उमेदवारांना अर्जाचे आमंत्रण देणाऱ्या फेऱ्यांचा आहे. २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी स्वतंत्र ड्रॉ निघतात आणि त्यांचीही अट चारही कौशल्यांत सातव्या पातळीची आहे. २९ फेब्रुवारी २०२४ च्या अशा ड्रॉचा कटऑफ ३३६ होता. २१ मार्च २०२५ ला ७,५०० जणांना ३७९ गुणांवर आमंत्रण गेले. २०२५ मध्येच कॅनडातील अनुभव असलेल्यांच्या ड्रॉचा कटऑफ ५०० च्या वर राहिला. त्याच वर्षी मार्चच्या अखेरीस नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकण्यात आले. त्यामुळे ४३०-४४० गुणांवर अडकलेल्या माणसाला फ्रेंचइतका मोठा फरक पाडणारा दुसरा उपाय, प्रांताचे नामांकन (एखाद्या प्रांताने आपली निवड करणे) सोडल्यास, जवळपास नाही.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे फ्रेंच हा मूळ पात्रतेला पर्याय नाही. शिक्षण, अनुभव आणि निधी यांच्या नेहमीच्या अटी पूर्ण कराव्याच लागतात. दुसरी, हा मार्ग क्यूबेकबाहेर राहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. अनेकांना हे उलटे वाटते, परंतु संघीय सरकारला क्यूबेकबाहेरील फ्रेंच वस्त्या टिकवायच्या आहेत आणि सगळी योजना त्या हेतूने आखलेली आहे. तिसरी गोष्ट वयाची. तिशीत दर वाढदिवसाला साधारण पाच-सहा गुण कमी होतात आणि चाळिशीनंतर घट जवळपास दुप्पट होते, त्यामुळे शिकण्यात जाणारा काळ ६२ गुणांच्या कमाईतून वजा करूनच निर्णय घ्यावा.

सातवी पातळी झेपणार नाही असे वाटत असेल, तर पाचव्या पातळीवर थांबण्यालाही एका ठिकाणी अर्थ आहे. क्यूबेकबाहेर नोकरी देणारा मालक मिळाला आणि बोलण्या-ऐकण्यात पाचवी पातळी असली, तर ‘फ्रँकोफोन मोबिलिटी’ योजनेखाली श्रमबाजार मूल्यांकनाविना (परदेशी माणूस घेण्यासाठी मालकाला एरवी लागणाऱ्या सरकारी मंजुरीविना) कामाचा परवाना मिळू शकतो. काम फ्रेंचमध्येच असावे अशी अट त्यात नाही.

४. घरात कोणी शिकायचे, हे आधी ठरवा

जोडप्यांची सर्वांत जास्त फसगत या पायरीवर होते. ५० अतिरिक्त गुण आणि फ्रेंच ड्रॉची पात्रता या दोन्ही गोष्टी मुख्य अर्जदाराच्या फ्रेंचवर ठरतात. बायको फ्रेंच शिकली आणि अर्ज नवऱ्याच्या नावावर राहिला, तर तिच्या परिश्रमांचे फळ कुटुंबाला फारसे मिळत नाही. म्हणून दोघांचेही प्रोफाइल मुख्य अर्जदार म्हणून स्वतंत्रपणे मोजून पाहावे. पुष्कळदा असे दिसते, की नवऱ्याचा अनुभव अधिक असला तरी बायकोने अकरावी-बारावीत फ्रेंच घेतलेले असते, हातात वेळ असतो आणि वयही कमी असते. तेव्हा तिला मुख्य अर्जदार करून तिनेच शिकणे शहाणपणाचे ठरते. ‘अर्ज तर ह्यांच्याच नावावर हवा’ हा आग्रह अशा वेळी महागात पडतो.

५. वेळेचा प्रामाणिक अंदाज घ्या

सातवी पातळी युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी-२ च्या आसपास येते. शून्यापासून तेथवर पोहोचायला मार्गदर्शनाखालील ५५० ते ६५० तास लागतात, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. रोज दोन तास दिले तरी नऊ ते अकरा महिने झाले, आणि त्यात आजारपण, गणपती-दिवाळी, ऑफिसातील धावपळ धरलेली नाही. ‘तीन महिन्यांत सातवी पातळी’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे.

शाळा-कॉलेजात घेतलेले फ्रेंच उपयोगी पडते, पण आपल्याला वाटते तेवढे नाही. पुण्या-मुंबईत गुण चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेण्याची पद्धत आहे. तेथे क्रियापदे चालवता येतात, पण बोलणे ऐकून समजण्याचा सराव होत नाही. अशा विद्यार्थ्याने पातळी-चाचणी देऊन मगच वर्ग निवडावा.

६. शिकण्याची साधने निवडा

भारतात असाल तर पुणे, मुंबई आणि इतर मोठ्या शहरांतील आलियाँस फ्रांसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था हा खात्रीचा पर्याय आहे. तेथील वर्ग ऑनलाइनही चालतात. कॅनडात पीआर मिळालेल्यांसाठी संघीय खर्चाने चालणारे भाषावर्ग आहेत, त्यांत फ्रेंचही येते. सीबीसी/रेडियो-कॅनडा या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे ‘मोरील’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि त्यातील मजकूर खऱ्या कॅनेडियन कार्यक्रमांतून घेतलेला आहे. ऐकण्याच्या सरावासाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओचे सोप्या फ्रेंचमधील बातमीपत्र रोज लावावे आणि ‘टीव्ही५ माँद’ या फ्रेंच वाहिनीचे धडे जोडीला ठेवावेत.

मराठी शिकणाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याची सवय पहिल्या महिन्यातच सोडावी. फ्रेंचमधील ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थाचे दोन शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही ‘दसू’ असेच दिसतात, कारण त्यांतील एका स्वरासाठी आपल्याकडे अक्षरच नाही. मग परीक्षेत पेटी टेबलाच्या वर आहे की खाली, हे कळत नाही. दुसरी सूचना आकड्यांची. ७० म्हणजे ‘साठ-दहा’, ८० म्हणजे ‘चार-वीस’ आणि ९२ म्हणजे ‘चार-वीस-बारा’, अशी ही रचना आहे. फोन नंबर, गाडीची वेळ आणि किमती विचारणारे ऐकण्याचे प्रश्न येथेच चुकतात. नातेवाइकांचे फोन नंबर फ्रेंचमध्ये मोठ्याने म्हणण्याचा सराव यावर उत्तम चालतो, घरच्यांना तो विचित्र वाटला तरी.

नामाचे लिंग पाठ करावे लागते, ही तक्रार इंग्रजीभाषक सहाध्यायी सतत करतात. आपल्याला त्याचे अप्रूप नाही. फक्त मराठीतील लिंग तेथे नेऊ नये आणि प्रत्येक नाम त्याच्या उपपदासकटच पाठ करावे.

७. योग्य परीक्षेला, योग्य प्रकाराला नाव नोंदवा

एक्सप्रेस एंट्रीसाठी ‘टीईएफ कॅनडा’ आणि ‘टीसीएफ कॅनडा’ या दोनच फ्रेंच परीक्षा चालतात. डीईएलएफ या फ्रान्सच्या भाषापरीक्षेचे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध असले तरी येथे चालत नाही. दोन्ही परीक्षांचे क्यूबेकसाठीचे आणि फ्रान्ससाठीचे वेगळे प्रकारही आहेत, आणि केंद्राच्या यादीत ती नावे एकाखाली एक असतात. ‘कॅनडा’ हा शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नयेत.

टीसीएफ कॅनडात ऐकण्याचे ३९ प्रश्न ३५ मिनिटांत, वाचनाचे ३९ प्रश्न ६० मिनिटांत, लेखनाची तीन कामे ६० मिनिटांत आणि बोलण्याची तीन कामे १२ मिनिटांत पूर्ण करायची असतात. सातव्या पातळीसाठी ऐकण्यात ४५८, वाचनात ४५३ आणि लेखन व बोलण्यात २० पैकी १० गुण लागतात. २० पैकी १० ऐकून हायसे वाटण्याचे कारण नाही. हे गुण कडक हाताने दिले जातात.

टीईएफ कॅनडाच्या तोंडी परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात एखाद्या जाहिरातीविषयी फोन करून माहिती विचारायची असते, दुसऱ्यात मित्राला एखादी गोष्ट पटवून द्यायची असते. पहिल्या भागात अनोळखी माणसाशी ‘तुम्ही’च्या रूपात बोलावे लागते, दुसऱ्यात ‘तू’च्या. आपल्याला हा भेद अंगवळणी पडलेला असतो, तरीही घाईत दोन्ही रूपे मिसळतात आणि परीक्षक ते टिपून ठेवतो. दुसऱ्या भागात ‘मला परवडत नाही’, ‘वेळ नाही’ असे आक्षेप घेतले जातात. प्रत्येकाला उत्तर देता यावे म्हणून अशा दहा-बारा आक्षेपांची तयारी आधीच करावी. मुद्दे मांडून वाद घालण्याची आवड असेल तर टीईएफ, आणि थोडक्यात काम उरकण्याचा स्वभाव असेल तर टीसीएफ, असा माझा ढोबळ सल्ला आहे. मात्र एक परीक्षा निवडली की सराव तिचाच करावा.

८. कागदपत्रे जमवा आणि तारखा सांभाळा

हाताशी पुढील गोष्टी असाव्यात:

- मुदत शिल्लक असलेला मूळ पासपोर्ट. परीक्षेची नोंदणी त्यावरील नावाप्रमाणेच करावी. आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. ते गाळले तर निकालपत्र आणि अर्ज यांतील नावे जुळत नाहीत.
- फ्रेंच परीक्षेचे निकालपत्र. चारही कौशल्यांचे गुण एकाच परीक्षेतील हवेत. दोन वेळच्या परीक्षांतील चांगले गुण निवडून जोडता येत नाहीत.
- इंग्रजीचा वैध निकाल: आयईएलटीएस जनरल, सेलपिप किंवा पीटीई कोअर. ५० गुणांसाठी इंग्रजीचाही पुरावा लागतो, हे फ्रेंचच्या नादात विसरले जाते.
- भारतीय पदवीचे मूल्यांकन आणि अनुभवाची पत्रे.

भाषेचे निकाल परीक्षेच्या तारखेपासून दोनच वर्षे वैध असतात आणि कायम वास्तव्याचा अर्ज भरण्याच्या दिवशी दोन्ही निकाल जिवंत असावे लागतात. फ्रेंच शिकण्यात वर्ष जाते, तोवर आधी दिलेल्या इंग्रजी परीक्षेची मुदत संपत येते. म्हणून इंग्रजीची परीक्षा फ्रेंचच्या जवळपासच द्यावी. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, तेव्हा तयारी पूर्ण होण्याची वाट न पाहता दोन-तीन महिने आधी तारीख घ्यावी.

९. मुलांच्या शाळेचा निर्णय वेगळा घ्या

क्यूबेकबाहेर फ्रेंच शिकण्याच्या तीन वाटा आहेत आणि त्यांची नावे ऐकून गोंधळ होतो. ‘फ्रँकोफोन शाळा’ ही फ्रेंच मातृभाषा असलेल्या कुटुंबांसाठी असते आणि तिच्या प्रवेशाचा हक्क राज्यघटनेतून येतो. आपल्याला तो सहसा लागू होत नाही. ‘फ्रेंच इमर्शन’ मात्र सर्वांसाठी खुली आहे: इंग्रजी शाळामंडळातच बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकवले जातात. हा प्रयोग १९६५ मध्ये माँट्रियलजवळील सँ-लांबेर येथे इंग्रजीभाषक पालकांच्याच आग्रहातून सुरू झाला. तिसरी वाट ‘कोअर फ्रेंच’, म्हणजे केवळ एक विषय. ऑन्टेरिओत ती चौथी ते आठवीपर्यंत सक्तीची असून नववीत एक क्रेडिट घ्यावे लागते. कोअर फ्रेंचवर मूल फ्रेंच बोलू लागेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

इमर्शनबाबत मराठी पालकांची भीती ठरलेली असते: घरी मराठी, बाहेर इंग्रजी, त्यात फ्रेंच, मग मुलाचा गोंधळ होणार नाही का? माझ्या पाहण्यात गोंधळ झाला तो पालकांचा, कारण गृहपाठ त्यांना वाचता येत नाही. घरात मराठी चालू ठेवावी. तिचा बळी देऊन इंग्रजी वाढवण्याची काहीच गरज नसते, कारण इंग्रजी मैदानावर आपोआप येते. मूल वाचनात अडखळत असेल, तर मात्र शाळेशी बोलून मगच निर्णय घ्यावा, कारण इमर्शन वर्गांत विशेष मदत सगळीकडे सारखी मिळत नाही.

प्रवेशाची इयत्ता मंडळागणिक बदलते. टोरोंटोच्या सरकारी मंडळात इमर्शन सीनियर केजीपासून सुरू होते, ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या पील मंडळात पहिलीपासून, आणि ब्रिटिश कोलंबियात केजीशिवाय सहावीतही उशिराचा प्रवेश मिळतो. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर काही मंडळे लॉटरी काढतात. सप्टेंबरच्या प्रवेशाची नोंदणी बहुतेक ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच उरकते, म्हणून उन्हाळ्यात येणाऱ्या कुटुंबाने आल्या आठवड्यात मंडळाला फोन करून प्रतीक्षायादीत नाव घालावे, आणि शाळेच्या बसची सोय इमर्शनच्या मुलांना आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.